लोड वाढला की येणारे मेल कसे आवरायचे? (पोस्टफिक्स, महिनाअखेरची कोंडी)

उद्यमनगरी · रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका फौंड्रीत आयटीचं सगळं मी एकटा बघतो. नेट, अकाउंट्सचं सॉफ्टवेअर, गेटवरचे कॅमेरे आणि आमचा स्वतःचा मेल सर्व्हर. मेलबॉक्स नव्वद. मशीन चार कोअरचं, रॅम ८ जीबी, साध्या फिरत्या दोन डिस्क मिररमध्ये. वर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम), त्याला मिल्टरनं, म्हणजे मेल आत येतानाच तपासायच्या जोडणीनं, जोडलेले क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा) आणि स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारा).

एरवी कुणाची तक्रार नसते. महिन्याची अखेर आली की मात्र बिलं, चलनं, स्कॅन केलेले इन्स्पेक्शन रिपोर्ट, ड्रॉइंग असं सगळं एकदम यायला लागतं, आणि त्यात स्पॅमचा मारा चालूच असतो. आज सकाळी साडेदहाला लोड, म्हणजे चालू आणि खोळंबलेल्या प्रोसेसचा सरासरी आकडा, ४१ वर गेला. टर्मिनलवर अक्षर दाबलं की दोन-तीन सेकंदांनी उमटत होतं. ग्राहकाचा मंजुरीचा मेल आल्याशिवाय डिस्पॅचवाल्यांना गाडी सोडता येत नाही. माल भरलेली गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला, आणि मी वर बसून नुसता आकडा बघतोय. मेल सव्वाएकला आला. तोही तीन वेळा, अगदी तोच.

माझा प्रश्न असा: लोड ठराविक आकड्याच्या वर गेला की बाहेरून येणारे मेल तेवढ्यापुरते थांबवता येतात का? मेल एकही गमवायचा नाही. मालकांना सांगितलं तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "म्हणजे गिऱ्हाइकाचा मेल परत पाठवणार काय?"

---

जुना_टर्मिनल · रात्री ११:२५

तुमचा प्रश्न मेल सर्व्हरइतकाच जुना आहे. सॉफ्टवेअरनुसार उत्तर बदलतं, म्हणून सविस्तर लिहितो. सेटिंगची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये ती इंग्रजीत आणि अंडरस्कोअर लावून सापडतील.

सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरमध्ये लोडचे दोन आकडे असतात, क्यू-एलए आणि रिफ्यूज-एलए. मूळ किंमत ८ आणि १२, नव्या आवृत्त्यांत ती प्रोसेसरच्या संख्येनं गुणली जाते. कोल्हापूरकराला हे समजायला अवघड नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. इशारा पातळीला घर सोडायचं नसतं, सामान माळ्यावर चढवायचं असतं. सेंडमेल तेच करतो. पहिला आकडा ओलांडला की मेल घेतो, पण वाटायला न काढता रांगेत ठेवतो. दुसरा ओलांडला की दारच लावतो आणि लॉगमध्ये 'रिजेक्टिंग कनेक्शन्स' अशी ओळ लोडच्या आकड्यासकट टाकतो. या दोहोंशिवाय डिले-एलए आहे, त्यात समोरच्याच्या बहुतेक हुकमांना एकेक सेकंद थांबून उत्तर दिलं जातं.

एक्झिम या दुसऱ्या मेल सर्व्हरमध्ये क्यू-ओन्ली-लोड हा इशारा आणि एसएमटीपी-लोड-रिझर्व्ह हा धोका. दुसऱ्याची खुबी अशी की त्याला राखीव यजमानांची, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरांची, यादी जोडता येते. लोड कितीही चढला तरी यादीतल्यांसाठी दार उघडं राहतं. यादीच दिली नाही तर मात्र सगळ्यांनाच बाहेर ठेवतो, हे विसरू नका. एसीएलमध्ये, म्हणजे कुणाला आत घ्यायचं त्या नियमांत, स्वतः अट लिहिणार असाल तर एक खड्डा आहे. तिथे लोडचा आकडा हजारानं गुणून येतो, म्हणजे ८ च्या जागी ८००० लिहावं लागतं. मी एकदा ८ लिहून मोकळा झालो होतो आणि रात्रभर एकही मेल आत आला नव्हता.

पोस्टफिक्समध्ये लोडचा आकडा बघून दार लावायची सोय नाही. तिथे वाट वेगळी आहे, ती कुणीतरी नीट सांगेलच.

मालकांना मात्र एवढं नक्की सांगा. मेल सर्व्हरच्या उत्तरात पहिला अंक महत्त्वाचा. ५ नं सुरू होणारं उत्तर म्हणजे 'घेत नाही, परत जा'. मग पाठवणाऱ्याकडे मेल परत जातो. ४ नं सुरू होणारं, उदाहरणार्थ ४२१, म्हणजे 'आत्ता जमत नाही, थोड्या वेळानं या'. तेव्हा मेल पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर रांगेत राहतो आणि तो सर्व्हर स्वतःहून पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ या मेलच्या देवाणघेवाणीच्या मानकानुसार दोन प्रयत्नांत निदान अर्ध्या तासाचं अंतर असावं आणि चार-पाच दिवस तरी नाद सोडू नये. प्रत्यक्षात बरेच सर्व्हर पाच-दहा मिनिटांतच पुन्हा दार वाजवतात. गिऱ्हाइकाला यातलं काही कळतसुद्धा नाही.

---

कळंबा_कट्टा · रात्री ११:५०

दार लावणं मला पटत नाही. धंद्याचा मेल आहे. दुसरा एक स्वस्तातला सर्व्हर घ्या, बॅकअप एमएक्स, म्हणजे मेल घेणारा राखीव सर्व्हर, म्हणून लावा. पहिला दमला की मेल दुसऱ्यावर जातील.

---

रात्रपाळी · रात्री १२:१५

@कळंबा_कट्टा, दादा, ही सूचना मी दोन ठिकाणी अमलात आणली आणि दोन्हीकडे काढून टाकली. स्पॅमवाले मुद्दाम दुय्यम एमएक्स गाठतात, कारण तिथली तपासणी ढिली असते हे त्यांना ठाऊक असतं. शिवाय बॅकअपनं साठवलेला सगळा माल शेवटी आपल्याच पहिल्या सर्व्हरवर येऊन पडतो, तोही एकाच आयपी पत्त्यावरून. मग कोण खरा पाठवणारा आणि कोण चोर हे ओळखायचंही अवघड होतं. रांग ठेवायची जागा पाठवणाऱ्याकडे आधीच आहे, फुकट आहे. तीच वापरावी.

@उद्यमनगरी, लोड ४१ म्हणजे काय ते आधी बघू. लिनक्समध्ये हा आकडा नुसता प्रोसेसरचा नाही. डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेस, टॉप या कमांडमध्ये ज्यांच्यापुढे 'डी' दिसतो, त्याही यात मोजल्या जातात. चार कोअर आणि लोड ४१ असूनही प्रोसेसर रिकामा बसलेला असू शकतो. पुढच्या कोंडीच्या वेळी व्हीएमस्टॅट ही कमांड पाच-पाच सेकंदांनी चालवा आणि आर (प्रोसेसरवर चालू किंवा त्यासाठी थांबलेल्या प्रोसेस), बी (डिस्कसाठी अडकलेल्या), एसआय, एसओ (स्वॅपमधून आत-बाहेर), डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) हे रकाने इथे टाका. सोबत क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्हीची सतत चालणारी प्रोसेस, किती मेमरी खातोय तेही. मेल लॉगमध्ये 'हॅज रीच्ड इट्स प्रोसेस लिमिट' अशी ओळ आहे का तेही शोधा.

---

उद्यमनगरी · दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:०५

आज पुन्हा तेच झालं, पण या वेळी वही-पेन घेऊन बसलो होतो.

आर रकान्यात १ ते ३. बी रकान्यात ३० ते ३६. एसआय-एसओ दोन्हीकडे सतत हजारांत आकडे. डब्ल्यूए ७० च्या वर. म्हणजे प्रोसेसर रिकामाच आहे, तुम्ही म्हणालात तसं. स्वॅप, म्हणजे मेमरी संपली की वापरायची डिस्कवरची जागा, २ जीबी, पूर्ण भरलेला.

क्लॅमडी सकाळी १.३ जीबीवर होता. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी बघता बघता अडीच जीबीपर्यंत गेला आणि तिथूनच सगळं घसरलं. लॉगमध्ये तीच प्रोसेस लिमिटची ओळ आहे, आकडा १००. त्याच्यावर 'टाइमआउट आफ्टर एंड-ऑफ-मेसेज' अशा पंचवीस-तीस ओळी.

---

रात्रपाळी · दुपारी २:३०

वही-पेन घेऊन बसलात म्हणून उलगडा झाला. शाब्बास.

दहा अठ्ठावीसला व्हायरसच्या सह्यांचा, म्हणजे ते ओळखायच्या खुणांचा, नवा संच आला. क्लॅमएव्ही ०.१०३ पासून, म्हणजे २०२० पासून, नवा संच चढवताना जुना तसाच ठेवतो. तपासणी थांबू नये म्हणून. तेवढ्या वेळात मेमरी जवळपास दुप्पट लागते. तुमच्या ८ जीबीत आयमॅप (मेलबॉक्स वाचायची सेवा), वेबमेल, डेटाबेस सगळं बसलेलं, त्यामुळे मशीन स्वॅपवर गेलं. स्वॅप त्याच फिरत्या डिस्कवर, मेलची रांगही त्याच डिस्कवर. एरवी दोन सेकंदांत होणारी तपासणी मिनिटं खायला लागली. तुमची तपासणी मिल्टरनं होते, म्हणजे पाठवणारा दारात उभा असतानाच. तपासणी लांबली की दारातले हलत नाहीत, मागून नवे येत राहतात, आणि पोस्टफिक्स शंभर जणांपर्यंत आत घेत जातो, कारण डिफॉल्ट प्रोसेस लिमिट १०० आहे. शंभर जण एकाच वेळी क्लॅमडीपुढे ताटकळत.

एक मेल तीनदा येण्याचं कारणही हेच. पाठवणाऱ्यानं मेल संपल्याची खूण म्हणून शेवटचा टिंब पाठवला, तुमचा सर्व्हर तपासत बसला. समोरचा ठराविक वेळ वाट बघतो. पोस्टफिक्स पाठवणारा असेल तर ६०० सेकंद, काही सर्व्हर त्याहून बरेच कमी. त्याला 'मिळालं' असं उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं फोन ठेवला आणि मेल पुन्हा पाठवायच्या रांगेत टाकला. तुमच्याकडे मात्र तपासणी उशिरा का होईना पूर्ण झाली आणि मेल पोचता झाला. प्रत्येक फेरीला एक प्रत. म्हणजे ओझ्याखाली सगळ्यांना आत घेतल्यानं कामही तिप्पट वाढलं. दारातच ४२१ दिलं असतं तर मेल एकदाच आला असता, आणि बहुधा सव्वाएकच्या आधी.

आता उपाय. लोडच्या आकड्यावर दार लावणारी स्क्रिप्ट लिहू नका अशी माझी कळकळीची विनंती. पॉलिसी सर्व्हिस (पोस्टफिक्स ज्याला विचारून निर्णय घेतो असा छोटा प्रोग्राम) लिहून, लोड वाचून, ४२१ देता येतं, मी केलेलंही आहे. पण लोड हा सरासरीचा आकडा, तो उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तरी ते पाणी पंचगंगेला लगेच दिसत नाही. बंधाऱ्यावरचा आकडा हलेपर्यंत वरचं पाणी निघालेलं असतं. तसंच इथे. लोड २० दिसेपर्यंत शंभर जण आत आलेले असतात, आणि काम संपल्यावरही दार उगाच काही मिनिटं बंद राहतं. म्हणून आकडा बघत बसण्यापेक्षा एका वेळी किती जण आत घ्यायचे तेच बांधून टाकायचं.

पोस्टफिक्सच्या मास्टर फाईलमध्ये पंचवीस नंबर पोर्टची, म्हणजे बाहेरचे मेल येतात त्या दाराची, ओळ बघा. शेवटून दुसऱ्या रकान्यात रेघ आहे, म्हणजे १००. तिथे १५ लिहा. तुमच्या मशीनला एका वेळी पंधरा तपासण्या खूप झाल्या, पुढे वाटलं तर वाढवा. ही मर्यादा त्या ओळीपुरतीच असते, त्यामुळे तुमच्या लोकांचा मेल पाठवायचा ५८७ पोर्टचा रस्ता मोकळा राहतो. हे फार महत्त्वाचं आहे. सर्व्हरला ४२१ दिलं तर तो निमूट परत येतो. माणसाच्या मेल प्रोग्रामला दिलं तर पडद्यावर चूक दिसते आणि मालकांचा फोन येतो.

पण नुसतं १५ केलं तर त्या पंधरा जागा स्पॅमवालेच अडवून बसतील. म्हणून पुढे पोस्टस्क्रीन बसवा, २०११ च्या २.८ आवृत्तीपासून तो सोबतच येतो. एकच प्रोसेस दारावरच्या सगळ्यांना हाताळते. नवख्या पाहुण्याला सहा सेकंद थांबवते आणि आपण बोलायच्या आधीच जो बडबडायला लागतो त्याला बाहेरच काढते. स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांना धीर नसतो. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या तिथेच तपासल्या जातात, क्लॅमडीपर्यंत कचरा जातच नाही. आत जागा नसली आणि बाहेरची रांगही भरली तर पोस्टस्क्रीनच ४२१ देतो. तुम्हाला हवं होतं ते नेमकं हेच.

एका आयपी पत्त्यावरून किती जोडण्या घ्यायच्या ती मर्यादा मुळात ५० असते. ती ५ किंवा ६ करा. आणि क्लॅमडीच्या फाईलमध्ये कॉन्करंट डेटाबेस रीलोडला 'नो' करा. संच चढेपर्यंत तपासणी थोडा वेळ थांबेल, पण मेमरी दुप्पट होणार नाही. तुमच्या मशीनवर हा सौदा परवडतो. जमलं तर मालकांकडून रॅम मागून घ्या, या सगळ्यात सर्वात स्वस्त तीच आहे.

---

पंचगंगाकाठ · संध्याकाळी ६:१०

मेल हरवेल या भीतीबद्दल माझा अनुभव सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक कितीतरी दिवस बंद होती. आमच्या ऑफिसची वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर तीन दिवस पूर्ण बंद. मी घरी बसून रोज विचार करायचो की चालू केल्यावर काय तोंड दाखवायचं.

चौथ्या दिवशी वीज आली. सर्व्हर लावला आणि पाच मिनिटांत मेल यायला लागले. पहिल्या दिवसाचे, दुसऱ्या दिवसाचे, सगळे. जगभरच्या सर्व्हरांनी ते सांभाळून ठेवले होते. नंतर गिऱ्हाइकांकडे एकेकाला फोन करून विचारलं, एकही मेल परत गेलेला नव्हता.

पण खरी कसरत तिथेच सुरू झाली. तीन दिवस ताटकळलेले सगळे एकदम दारात आले आणि अर्ध्या तासात मशीन बसलं. तेव्हा मी हेच केलं, पंचवीस पोर्टची मर्यादा १० वर आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तशीच ठेवली. मेल रात्रभर शांतपणे आत येत राहिले. तेव्हापासून बंद सर्व्हर चालू करताना आधी मर्यादा कमी करतो, मग नेटची वायर लावतो.

---

कळंबा_कट्टा · संध्याकाळी ७:००

हे पटलं. मी दार लावणं म्हणजे मेल नाकारणं असं धरून चाललो होतो. एकच विचारतो, ओटीपीच्या मेलचं काय? ते दहा मिनिटांत मरतात. उशिरा आले तर काय कामाचे?

---

जुना_टर्मिनल · संध्याकाळी ७:४०

रास्त शंका आहे. ज्यांच्याकडून ओटीपी येतात त्यांच्या सर्व्हरचे आयपी पत्ते पोस्टस्क्रीनच्या परवानगी यादीत घाला, म्हणजे दारावरची तपासणी टळते. पण जागाच नसेल तर तेही थांबणार. खरं तर दारावर कचरा गळला की आतल्या पंधरा जागा क्वचितच भरतात. सध्या लोड ४१ असताना ओटीपी दोन तासांनी येतोय, त्याच्याशी तुलना करा.

आणि @उद्यमनगरी, एकाच पत्त्याची मर्यादा ५ करताना लॉगवर आठवडाभर लक्ष ठेवा. एखादा मोठा ग्राहक एकाच सर्व्हरवरून दहा ड्रॉइंग एकदम सोडतो. त्यातली पाच लगेच येतात, पाच नंतर. मग त्याचा फोन येतो की 'अर्धीच कशी मिळाली?' अशांना अपवादाच्या यादीत घालता येतं.

---

उद्यमनगरी · महिन्यानं, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मुद्दाम महिनाअखेर उलटेपर्यंत थांबलो, मगच लिहितोय.

पंचवीस पोर्टला १५ ची मर्यादा, पुढे पोस्टस्क्रीन, एका पत्त्याला ६, क्लॅमडीचं दुहेरी चढवणं बंद. मालकांना समजावताना मी आमच्याच कामाचं उदाहरण दिलं. भट्टीत रस कितीही तयार असू दे, साचे बांधून झालेत तेवढेच ओततो ना आपण, बाकीचा रस भट्टीतच गरम ठेवतो. ते एका वाक्यात समजले आणि रॅमही मंजूर झाली. आता १६ जीबी आहे.

परवा, सर्वात गर्दीच्या दिवशी, लोड जास्तीत जास्त ६ वर गेला. बी रकान्यात दोन-तीन. स्वॅप कोरडा. लॉगमध्ये ४२१ सापडले, पण खऱ्या पाठवणाऱ्यांचे मोजकेच, आणि एकेकाचा मागोवा घेतला तर प्रत्येक मेल नंतर आत आलेला. सर्वात उशिराचा अठ्ठावीस मिनिटांनी. दोनदा आलेला एकही नाही. गाड्या वेळेवर सुटल्या.

एक गोष्ट मात्र चुकली, ती लिहितो म्हणजे दुसऱ्या कुणाची चुकणार नाही. गेटवरच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर प्रत्येक गाडीची पावती मेलनं स्टोअरला पाठवतो, थेट आमच्या पंचवीस पोर्टवर. त्या प्रोग्रामला रांगच नाही. एकदा पाठवतो, जमलं तर जमलं. गर्दीत त्याला थांबायला लागलं, त्यानं तीस सेकंदांत नाद सोडला आणि चार पावत्या स्टोअरला पोचल्याच नाहीत. काट्यावरच्या माणसानं कागदी पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून हिशोब लागला.

---

रात्रपाळी · रात्री ९:५०

वजनकाटा, झेरॉक्स मशीनचा स्कॅनर, यूपीएसचा इशारा, हजेरीचं यंत्र, या सगळ्यांची हीच गत असते. त्यांना पुन्हा प्रयत्न करणं माहीत नसतं. अपवादाच्या यादीत घालूनही उपयोग नाही, कारण अडलं ते जागा संपल्यामुळे. मास्टर फाईलमध्ये त्यांच्यासाठी वेगळ्या पोर्टची एक ओळ टाका, फक्त आतल्या नेटवर्कला खुली, मर्यादा ५, मिल्टर नको. बाहेर कितीही रेटारेटी असली तरी त्या पाच जागा त्यांच्याच.

---

उद्यमनगरी · दुसऱ्या दिवशी, सकाळी ११:२०

केलं. २५२५ वर ओळ टाकली, बाहेरून फायरवॉलनं बंद. काट्याच्या प्रोग्राममध्ये पोर्ट बदलला. तपासायला म्हणून पंचवीसची मर्यादा दहा मिनिटांसाठी १ वर आणली आणि गेटवर जाऊन उभा राहिलो. काट्यावर बिडाच्या भंगाराची गाडी चढली, वजन स्थिर झालं, बटण दाबलं. स्टोअरला फोन लावून विचारलं. पावती त्यांच्या पडद्यावर आलेली होती.